वैजयंता वहिनींच्या पिकअपचे टायर

माझी पोस्टिंग लडाखला आली तेव्हा मी नायक होतो. ट्रान्सपोर्ट कंपनीत ड्रायव्हर. गाव माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पुढचं. घरची मेंढरं. वडिलांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं, आणि मी फौजेत जाऊन सीटवर बसून पगार घ्यायला लागलो, याचं त्यांना फार हसू यायचं. "चालायचं सोडून बसाय लागला गडी," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

लडाखला माझ्या गाडीवर को-ड्रायव्हर म्हणून लान्स नायक संपत आला. पलूसचा. घरी उसाची बागाईत, उंचापुरा, बोलायला मोकळा. पहिल्याच दिवशी त्यानं माझं गाव विचारलं. मी सांगितलं.

"माण? मग तुमची मेंढरं आमच्या रानात बसत्यात की!"

खरंच होतं. दिवाळी झाली की आमचे कळप चाऱ्यासाठी खाली, उसाच्या मुलखाकडे उतरायचे. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवली की रानाला खत मिळतं, मेंढक्याला धान्य मिळतं. त्यानं त्याच्या वडिलांचं नाव सांगितलं, मी माझ्या वडिलांचं. दोघं एकमेकांना चांगले ओळखत होते. मी सात-आठ वर्षांचा असताना वडिलांबरोबर त्याच रानात झोपलोही होतो. आमच्या दोन गावांत एसटीनं तीनेक तासांचं अंतर; पण एकमेकांची ओळख व्हायला आम्हाला लडाख लागलं. त्या दिवसापासून मी त्याला 'बागाईतदार' म्हणायला लागलो, तो मला 'मेंढक्या'. रँकनं मी त्याच्या वर होतो. सुभेदार साहेब समोर असले तर तो 'उस्ताद' म्हणायचा. त्यांची पाठ वळली की मेंढक्या.

ट्रान्सपोर्टवाल्याचा दिवस गाडीखाली सुरू होतो. तेल, पाणी, बॅटरी, ब्रेक, टायर. तिथल्या थंडीत लोखंडाला उघडा हात लावला तर कातडी चिकटते, म्हणून दस्ताने घालूनच काम करायचा हुकूम होता. संपत बाकी सगळं दस्ताने घालून करायचा. टायरची पाळी आली की उजव्या हातातला काढायचा आणि तळवा टायरवरून फिरवायचा. सुभेदार साहेबांनी एकदा पकडलं.

"दस्ताना कहाँ है?"

"साहब, दस्ताने से कट का पता नहीं चलता."

साहेब पुढच्या गाडीकडे गेले.

टायरमधलं मला जे कळतं त्यातलं अर्धं फौजेनं शिकवलं आणि अर्धं संपतनं. फौजेनं हवा किती, वजन किती, बर्फात चाकांवर चेन कशी बसवायची ते शिकवलं. संपत काळ्या रानातून ट्रॅक्टर काढत वाढलेला. तो म्हणायचा, "चिखल काय आन् बर्फ काय, टायरच्या खाचा भरल्या की संपलं. भरलेली खाच रिकामी करतंय त्ये खरं टायर." बर्फ त्यानं फौजेत येईपर्यंत पाहिला नव्हता. पण बर्फावर गाडी कशी वागेल हे त्याला आमच्या आधी कळायचं.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर संपत गेला. रस्त्यावर वरून बर्फ कोसळला, त्याखाली. तो दिवस मी पुढं सांगणार आहे. कारण कंपनीच्या बाहेर मी तो पहिल्यांदा सविस्तर सांगितला तो बऱ्याच वर्षांनी, पलूसजवळ कॅनॉलच्या कडेला. आणि तसं व्हायला निमित्त झालं ते चार टायरांचं.

संपतच्या मागं घरात तिघं राहिली. वडील, ज्यांना सगळे आबा म्हणतात. बायको वैजयंता, म्हणजे आमच्या वहिनी. आणि एक मुलगी, जी आता शिकायला सांगलीला असते. वहिनींनी उसाच्या रोपांची नर्सरी टाकली. रोपं पोचवायला पिकअप घेतली. त्यावर ठेवलेले ड्रायव्हर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की जास्त पगारावर निघून जायचे. दुसरा असा गेल्यावर वहिनी स्वतः गाडी शिकल्या. मी तोपर्यंत हवालदार होऊन पेन्शनवर आलो होतो. त्यांना रिव्हर्स मी शिकवला. आज त्या माझ्यापेक्षा चांगला रिव्हर्स घेतात, आणि हे त्या चारचौघांत सांगतातसुद्धा.

आता आमच्या माणमध्ये बऱ्याच गावांना कॅनॉलचं पाणी आलंय. पूर्वी आमची मेंढरं खाली जायची, आता खालची ऊसरोपं आमच्याकडे वर येतात. वहिनी विटा, मायणी करत दहिवडीपर्यंत येतात. डांबर सोडलं की पुढं मुरमाड माळ, टोकदार दगड, बाभळीचे काटे. आणि तिकडं पलूसला उलटं. रस्ता सोडला की काळी माती, पाऊस पडला की पाय बाहेर निघत नाही असली.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, टायर बदलायचं हायत. तुमी येताय का?"

"येतो की. घाई हाय का?"

"घाई हाय. गाडीची किल्ली आबांनी करगोट्याला बांधून ठेवलीया."

मला हसू आलं. वहिनी हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीनं निघून पलूसला पोचलो. नर्सरीत रोपांचे ट्रे भरून तयार होते. कडेच्या काही ट्रेमधली पानं पिवळी पडायला लागली होती. ट्रेमधलं रोप वेळेत रानात गेलं नाही की त्याची मुळं गुंडाळतात, मग ते कुणी घेत नाही. गिऱ्हाईक वाट बघत होतं. आणि किल्ली आबांच्या कमरेला होती.

मी आधी गाडी बघितली. मागचे दोन्ही टायर घासून सपाट झालेले. त्यातला एक रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला. आधीच्या ड्रायव्हरनं घातलेला. पुढचे दोन्ही बाहेरच्या कडेनं खाल्लेले, म्हणजे अलाइनमेंट गेलेली. डाव्या बाजूच्या पुढच्या टायरच्या गालावर दगडाचा काप, आतले धागे दिसतील इतका. मी वहिनींकडे बघितलं.

"कळतंय मला," त्या म्हणाल्या. "हंगाम संपू दे म्हनत ऱ्हायले."

"झालं काय पण?"

कॅनॉलच्या कडेच्या रानात त्या रोपं टाकून रिकामी गाडी घेऊन परत येत होत्या. सकाळी पाऊस पडून गेलेला. वळणावर गाडीचं मागचं अंग सरकलं, गाडी आडवी झाली आणि कॅनॉलकडे तोंड करून एका बाभळीला टेकून थांबली. बाभळीच्या पलीकडं पाणी होतं. वहिनींना काही झालं नाही. पण बांधावरून आबा चालत येत होते, आणि त्यांनी ते सगळं बघितलं.

आबा सोप्यात बसले होते. ऐंशीच्या जवळ आलेला माणूस, पण पाठ ताठ. मी पाया पडलो. त्यांनी घरच्यांची चौकशी केली, पाऊसपाणी विचारलं, आमच्याकडं आता मेंढरं किती ते विचारलं. मी येतो तेव्हा हे एवढंच बोलणं ठरलेलं असायचं. संपतचा विषय निघाला की आबा उठून रानात जायचे, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी त्यांनी स्वतःच सुरुवात केली.

"महादू, तिला सांग गाडी इकून टाक म्हनून. तुजं ऐकंल ती."

"आधी टायर बघू की आबा."

"टायर बघून काय व्हतंय? एक गेला की टायरापायी."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. संपतचा देह घेऊन जवानांची जी पार्टी गावात आली ते सगळे उत्तरेकडचे होते. मी तेव्हा खांद्याचं हाड मोडून हॉस्पिटलात होतो. ते जे हिंदीत बोलले त्यातलं 'गाडी' आणि 'बर्फ' एवढंच लोकांना नीट कळलं. पुढं गावात गोष्ट तयार झाली. बर्फावर टायर घसरलं, गाडी दरीत गेली. मी नंतर येऊन वहिनींना खरं काय ते थोडक्यात सांगितलं होतं. आबांना सांगायला कुणी धजलं नाही, कारण ते बसतच नव्हते. इतकी वर्षं हा माणूस आपल्या पोराची गाडी दरीत घसरताना डोळ्यांपुढं बघत होता. आणि परवा कॅनॉलवर त्यांनी ती खरोखरची घसरताना बघितली.

मी आत गेलो. "आबा, किल्ली द्या. टायर घालून आणतो. मग तुमी बसून बघा आन् तुमीच ठरवा."

त्यांनी करगोट्याची गाठ सोडली. "तुज्या हातात देतोय. तिच्या न्हाई."

मी गाडी सावकाश चालवत सांगलीला नेली. वहिनी शेजारी बसून मी गिअर उशिरा बदलतो असं दोनदा म्हणाल्या.

टायरच्या दुकानात माझा हात सरळ मोठ्या गुट्ट्यांच्या टायरवर गेला. जाड रबर, बोटभर खोल खाचा, बघितल्यावर आमच्या लडाखच्या गाड्या आठवाव्यात असा. मी म्हटलं, हाच. चारही चाकांना. चिखलाची काळजी मिटली.

वहिनी टायरांच्या थप्पीवर बसल्या होत्या. त्यांनी दुकानदाराला विचारलं, "ह्ये डांबरावर कसं चालतंय?"

"आवाज करतं ताई. आणि जरा लवकर झिजतं."

"आवाज करू दे. पाऊस पडल्यावर डांबरावर ब्रेक दाबला तर?"

"थोडं पुढं जाऊन थांबतं."

"थोडं म्हंजे? माज्या पुढं उसाची ट्रॉली असती. मागं दिवा नसलेली."

वहिनी माझ्याकडं वळल्या. "भाऊजी, चिखल लय झाला तर शेवटचा थोडा रस्ता. बाकी सगळा दिवस मी डांबरावर असते. तुमी मला रनगाड्याचं टायर घालाय लागलाय."

त्यांचं बरोबर होतं. टायर आपल्याला ज्या जागेची भीती वाटते तिच्यासाठी घ्यायचा नसतो. गाडी रोज ज्या जागी चालते तिच्यासाठी घ्यायचा असतो, आणि मग भीतीच्या जागेचं काय करायचं ते वेगळं ठरवायचं असतं. हे मला माहीत होतं. पण माझ्या डोक्यात त्या वेळी कॅनॉल होता.

मग दुकानदारानं उभ्या रेघांचा साधा रस्त्याचा टायर दाखवला. तो मी नको म्हटलं. त्या बारीक रेघांत काळी माती एकदा बसली की निघत नाही, चार फेऱ्यांत टायर पाटीसारखा गुळगुळीत. शिवाय त्याचा गाल पातळ. आमच्या माणच्या मुरमाला तो टिकला नसता.

राहिला मधला, ज्याला ऑल टेरेन म्हणतात. मधोमध नक्षी जवळजवळ, म्हणजे डांबरावर पकड. कडांना खाचा मोकळ्या, म्हणजे चिखल आत बसला तरी फिरताना बाहेर फेकला जातो. दुकानदारानं आणलेला पहिला टायर दिसायला झकास होता. मी त्याच्या गालावरचा वजनाचा आकडा वाचला. तो घरच्या माणसांना फिरवायच्या मोठ्या गाडीचा होता. आमच्या हौद्यात ओल्या मातीचे ट्रे असतात, त्यांचं वजन पाण्यासारखं अंगावर येतं.

"हा वजनाला कमी पडेल," मी म्हटलं. "मालगाडीचा द्या. साईज कंपनीची आहे तीच."

त्यानं आतून काढला. हा दिसायला साधा, पण हाताला कडक. मी प्रत्येक टायरवरची बनावटीची तारीख बघितली. गालावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दोन टायर जुन्या मालातले निघाले. रबर पडून पडूनही म्हातारं होतं. ते बदलून मागितले. दुकानदारानं तोंड वाकडं न करता दिले, भला माणूस होता. जाता जाता तो एवढंच म्हणाला, की मागचे दोनच घातले तरी भागेल, पुढचे अजून थोडे चालतील.

"न्हाई," वहिनी माझ्या आधी म्हणाल्या. "चारी एकसारखं. आन् स्टेपनी पन तसलीच."

अलाइनमेंट झाली, हवा भरून झाली. वहिनींनी जुन्यातला एक टायर मागून घेतला, म्हशीच्या रेडकाला पाणी ठेवायला. येताना वाटेत त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, त्या दिशी गाडी सरकली, त्यात माजं काय चुकलं?"

"ब्रेक दाबला होता?"

"व्हय."

"गाडी रिकामी होती. पिकअप रिकामी असली की मागून हलकी असते, आणि ढकलायचं काम मागचीच चाकं करतात. त्यांच्यावर वजन नाही, खाचा नाहीत, वरून तुम्ही ब्रेक दाबला. मागचं अंग सरकणारच. रिकामं परत यायचं असेल तर मागच्या चाकांवर वाळूची पोती ठेवा. आणि चिखलात ब्रेकला पाय लावू नका. दुसरा गिअर, पाय हलका."

"आन् हवा?"

"चिखलात थोडी कमी. पण भरलेल्या गाडीची कधीच जास्त कमी करू नका. आणि डांबराला लागायच्या आधी परत भरायची. न विसरता."

त्यांनी ते सगळं परत म्हणून दाखवलं, रिक्रूट म्हणतो तसं.

दुपारी आम्ही पलूसला आलो. हौद्यात वाळूची पोती टाकून बांधली आणि गाडी कॅनॉलच्या त्याच रानाकडं घेतली. जमीन अजून ओली होती. आबा चालत आमच्या मागं आले आणि बांधावर उभे राहिले. मी खाली उतरून मागच्या चाकांची थोडी हवा काढली. मग आबांकडे गेलो.

"आबा, बसा."

"मी कशाला?"

"गाडी घरची हाय. तुमी ठरवायचं ठरलंय."

ते पुढं बसले. वहिनी स्टिअरिंगवर. मी मागं हौद्यात फाळका धरून उभा राहिलो. टायर मी निवडले होते, शब्द मी दिला होता, आणि संपतचा बाप आणि संपतची बायको माझ्या पुढं काचेपलीकडं बसले होते.

वहिनींनी दुसरा टाकला. गाडी चिखलात शिरली. टायर भरले, मी वरून बघत होतो, काळे गोळे झाले. मग चाकं फिरता फिरता कडेच्या खाचांतून मातीची ढेकळं उडायला लागली. माझ्या शर्टावर आली, तोंडावर आली. खालची नक्षी परत दिसली. वळणावर मागचं अंग जरासं हाललं, वहिनींनी ब्रेकला पाय लावला नाही, स्टिअरिंग सोडत आणलं, गाडी सरळ झाली. बाभळ डाव्या हाताला राहिली. पलीकडं मुरमाच्या उंचवट्यावर जाऊन त्या थांबल्या.

मी उतरून खिडकीपाशी गेलो. आबांनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. वहिनींनी इंजिन बंद केलं.

"आबा, उतरताय?"

ते उतरले नाहीत. समोर बघत म्हणाले, "संपतच्या गाडीला असलं टायर न्हवतं का रं?"

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मग मी खिडकीला हात टेकून सांगितलं, ते असं.

आमचा कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, सकाळी निघाला होता. हिवाळ्यात घाट बंद होण्याआधी वरच्या पोस्टला केरोसिन आणि रेशन पोचवायचं होतं. आमची गाडी सगळ्यांत पुढं. मी स्टिअरिंगवर, संपत शेजारी. टायर चांगले होते. निघायच्या आधी संपतनं स्वतः बघितले होते. चढ लागायच्या आधी चेन बसवल्या होत्या, त्याही त्यानंच.

एका वळणावर पुढं सिव्हिल पिकअप अडकली होती. तिथल्याच गावातली माणसं. टायर पार गुळगुळीत, चेन नाही. रस्त्यात तिरकी होऊन चाकं जागच्या जागी फिरत होती. आत एक बाई, तिच्या मांडीवर पोर. ड्रायव्हर तरणा होता, एक म्हातारा खाली उतरून ढकलत होता. वरच्या उतारावर ताजा बर्फ होता.

रेडिओवर सुभेदार साहेबांचा आवाज आला. "आगे क्या रुकावट है? ओव्हर."

"साहब, सिव्हिल गाडी फँसी है. ओव्हर."

"जल्दी हटाओ. ऊपर का बर्फ ठीक नहीं लग रहा. आउट."

चढावर उभ्या असलेल्या लोडेड गाडीचा ड्रायव्हर सीट सोडत नाही. हा नियम आहे. संपत मला म्हणाला, "तू बस मेंढक्या, मी बघतो." त्यानं मागून रिकामी पोती आणि फावडं घेतलं. आमच्या मोठ्या गाडीची चेन त्या छोट्या चाकांना बसली नसती. त्यानं त्यांच्या मागच्या चाकांतली हवा कमी केली, चाकांखालचा बर्फ काढला, पोती घातली. ड्रायव्हरला हातानं खूण केली, हळू. मग म्हाताऱ्याला बाजूला घेतलं आणि स्वतः खांदा लावला. गाडी पोत्यांवर चढली. सरळ झाली. हळूहळू वळणाच्या पलीकडे, जिथं रस्ता रुंद होता, तिथं निघून गेली. म्हातारा तिच्या मागं पळत गेला.

संपत पोती गोळा करायला वाकला. ती रस्त्यात राहिली असती तर आमच्या मागच्या गाड्यांच्या चाकांत गुंडाळली असती. कॉन्व्हॉयमधल्या माणसानं जे करायचं तेच तो करत होता.

फार मोठा आवाज झाला नाही. वर काहीतरी धप्प झालं. मी हॉर्न दाबला. त्यानं वर बघितलं. मग काचेसमोर सगळं पांढरं झालं, काच आत आली. केबिनमध्ये माझा खांदा मोडला. गाडी जागेवरून एक हातभरसुद्धा हलली नाही. कंपनीच्या सगळ्या पोरांनी फावडी घेऊन खणलं. सुभेदार साहेब स्वतः खणत होते, हातात दस्ताने नव्हते. संपत सापडला तेव्हा त्यानं पोतं घट्ट धरलेलं होतं.

एवढं सांगून मी थांबलो. कॅनॉलचं पाणी वाहत होतं. वहिनी स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या होत्या.

"म्हंजे गाडी घसरली न्हाई," आबा म्हणाले.

"न्हाई आबा. गाडी जाग्यावर व्हती."

"दरीत गेली न्हाई."

"न्हाई."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. मग विचारलं, "ती मानसं?"

"वाचली. सगळी. त्यो म्हातारा नंतर हॉस्पिटलात येऊन माझ्या खाटंपाशी बसला व्हता. त्याची बोली मला कळत न्हवती. नुस्ता हात धरून बसला."

"माज्याएवढा व्हता?"

"तवाच्या तुमच्याएवढा."

आबांनी दांडीवरचा एक हात काढला आणि वहिनींच्या स्टिअरिंगवरच्या हातावर ठेवला. मी दुसरीकडं बघितलं. फौजेत ही सवय लागते.

मग ते म्हणाले, "चल गं. रोपं पिवळी पडाय लागल्यात."

मी हौद्यात चढलो, वहिनींनी गाडी चालू केली. कॅनॉलच्या अलीकडं डांबराला लागायच्या आधी त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, हवा." मी उतरून पंप जोडला. त्याच दिवशी पहिली खेप गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दहिवडीला आल्या. ट्रे उतरवताना मी टायर बघितले. मुरमाचे ओरखडे होते, काप एकही नव्हता.

त्यानंतर आबा मला अधूनमधून फोन करायला लागले. आधी कधी केला नव्हता. संपत तिथं काय जेवायचा, त्याला थंडी सोसायची का, त्याच्या बाजूच्या खाटेवर कोण झोपायचं, सुभेदार साहेब त्याला रागवायचे का, असलं काहीबाही विचारतात. मी आठवेल तेवढं सांगतो. परवा मी सांगितलं की संपत रविवारी सगळ्या सेक्शनला पिठलं करून घालायचा आणि पंजाबी पोरं ते परत परत मागायची. फोनवर आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आता वहिनी जवळपासच्या रानात रोपं घेऊन जातात तेव्हा आबा कधीकधी पुढं बसतात. रोपं उतरेपर्यंत बांधावर शेतकऱ्यांशी बोलत उभे राहतात. कुणीतरी विचारतंच, पोरगा फौजेत व्हता न्हवं तुमचा? पूर्वी अशा वेळी आबा चालायला लागायचे. हल्ली थांबतात. लान्स नायक संपतचं नाव घेतात, आणि समोरच्याला सांगतात, "गाडी घसरली न्हवती. त्यो उतरला व्हता."